खांबातला पेटता आत्मा

भोंगा ठणाणा वाजू लागला तसे शीतगृहाच्या दाराशी जमलेले पुढचे लोक मागे सरले आणि मागचे टाचा उंचावून पुढे झुकले. आत, बटाट्यांच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, मालकांनी बोलावलेले महाराज खांबाला मिठी मारून उभे होते. अंगात शीतगृहाचाच जाड कोट, पण बटणं सगळी सोडलेली. दारावरच्या पडद्यावर तापमानाचा आकडा तीनवरून साडेसहावर चढला होता.

"आला! जळतोय बिचारा!" महाराज ओरडले. "एवढ्या गारठ्यात याची आग विझेना!"

त्यांनी मिठी सोडली, खांबावर फुंकर घातली. हळूहळू आकडा उतरला, भोंगा गप्प झाला. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"कुणाचा आत्मा, महाराज?" मालकांनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "तुमच्या झाडूवालीचा नवरा. इथेच राबायचा ना? बायकोच्या मागे मागे येतो. ती इथे आहे तोवर तुमचा माल सडणार!"

झाडूवाल्या मावशी मटकन खालीच बसल्या.

हे सारं मालकांची भाची दारातून बघत होती. शीतगृहात खांबाखांबावर बसवलेल्या बारा डब्या तिच्या देखरेखीखाली होत्या. काडेपेटीएवढी डबी, तिला तार नाही की काही नाही. आपल्याजवळचं तापमान मोजायचं आणि ते पडद्याला कळवायचं, एवढंच तिचं काम. त्यावरून हमालांनी भाचीचं नावच 'बिनतारी' ठेवलं होतं.

"मामा, मावशींना काढू नका," ती म्हणाली.

"अगं, आकडा काय खोटं बोलतो?"

"आकडा सगळ्यांचा मिळून एक आहे. बारा डब्यांची सरासरी. अकराजणी तीन म्हणाल्या आणि एकटी पंचेचाळीस म्हणून किंचाळली, की सरासरी साडेसहा! आजूबाजूच्या खांबांना साधी ऊबही लागलेली नाही. खोलीत खरंच आग असती तर शेजारणींना पत्ता लागला नसता?"

"आत्मा एकाच खांबात असेल."

"मग महाराज नसताना तो कुठे जातो? जेवायला?"

मामा चिडले, पण उद्यापर्यंत थांबायला कबूल झाले.

बाहेर मावशींनी तिचा हात धरला. "खरंच ते असतील का गं? माझ्यासाठी आले असतील, तर मीच जाते. त्यांना जळत ठेवून मला पगार नको."

महाराजांची थट्टा करायला बिनतारी टपलेलीच होती. आता मात्र तिला त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिने एक जादा डबी कोटाच्या आतल्या खिशात, छातीच्या बाजूला शिवली. हिशेबही बदलला: एखादी डबी शेजारणींपेक्षा भलतंच बोलू लागली, तर तिच्या शब्दाचं वजन कमी धरायचं. शिवाय पडद्यावर प्रत्येकीचा आकडा वेगळा दिसेल अशी सोय केली. मग महाराजांना अदबीने तोच कोट दिला.

"आत फार गारठा आहे, महाराज. बटणं लावा."

"आम्हाला गारठा कसला!" असं म्हणत महाराजांनी खांबाला मिठी मारली. खांबावरची डबी तापली, पण या वेळी भोंगा काही वाजेना. महाराजांनी मिठी आणखी घट्ट केली. लोक कुजबुजू लागले.

"आत्मा खांबात नाहीच!" बिनतारी मोठ्याने म्हणाली. "पडद्यावर ही तेरावी डबी बघा, महाराजांच्या कोटातली. अठ्ठावन्न! महाराज, जरा दारापर्यंत चाला बरं." महाराज दचकून चार पावलं चालले. मागे खांबावरचा आकडा उतरू लागला. तेराव्या डबीचा जागचा हलेना. "आत्मा तुमच्याबरोबर फिरायला निघाला!"

"ते आमच्या तपाचं तेज!"

"माणसाचं अंग सदतीसच्या आसपास असतं. वरचं तेज कुठे ठेवलंय?"

महाराजांनी घाबरून छाती दाबून धरली, आणि तिथेच घात झाला. बूच निसटलं. कपड्याखालून गरम पाण्याची धार पायांवरून घळघळ वाहू लागली, गारठ्यात वाफा उठल्या.

"महाराजांना… झाली वाटतं!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हमाल पोट धरून हसू लागले. मामांनीच कोट उघडला. आत छातीशी बांधलेली रबरी पिशवी लोंबत होती. महाराज ओल्या कपड्यांनिशी रस्त्याला लागले.

हसणं ओसरल्यावर बिनतारी म्हणाली, "एकटा ओरडून सांगतो म्हणून ते खरं मानू नका. शेजारच्यांना विचारा, पुन्हा मोजा, सांगणारा काय लपवतोय ते बघा. एवढं केलंत तर कुणाला बाहेर काढायची वेळ येणार नाही."

मामांनी मान खाली घालून मावशींची माफी मागितली.

मावशींनी पदराने डोळे पुसले. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी त्यांनी कधी कुणाचा बटाटासुद्धा सडू दिला नाही. मेल्यावर कशाला सडवतील?"