त्यांचं पीठ संपलंय

रोज दुपारी चारला टीव्हीवर ते लोक यायचे. चार कुटुंबं, ओसाड माळावर, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांसारखी राहायला सोडलेली. झोपडी आपली आपण बांधायची, पाणी ओढ्यावरून आणायचं, पिकेल तेवढंच खायचं. सासूबाई हा कार्यक्रम चुकवत नसत. लग्न होऊन त्या अशाच एका उजाड जागी आल्या होत्या. तिथल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल त्या कधी फारसं बोलल्या नाहीत.

सुरुवातीला त्या हसायच्या. "कुदळ बघ कशी धरलीय. संध्याकाळपर्यंत हाताची सालटं निघतील."

निघाली.

मग त्या लोकांचं पीठ संपलं, आणि सासूबाईंचं खाणं तुटलं. मला तरी तसंच वाटलं.

नर्सबाई दर सोमवारी वजनकाटा घेऊन यायच्या. मागच्या खेपेला म्हणाल्या, "आणखी एक किलो उतरलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. नाकातून नळी." त्या गेल्यावर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "पोरी, तेवढं नको करू."

दोन महिन्यांपासून दुपारचं दूध-पाव मी त्यांच्यासमोर बसूनच देत होते. त्या पावाचे दोन तुकडे करायच्या आणि मोठा बशीत बाजूला सारायच्या. "त्यांचं पीठ संपलंय," टीव्हीकडे मान करून सांगायच्या. उरलेला तुकडाही दुधात भिजून तसाच राहायचा.

एकदा हे बसची ड्यूटी संपवून लवकर आले. तो तुकडा गुपचूप तोंडात टाकून म्हणाले, "आई, बघ, नेला त्यांनी."

"मिशीला चुरा लागलाय. आणि तू तर जेवून आलायस."

मीही समजावून पाहिलं. "ते खरे उपाशी नसतात, आई. समोर कॅमेरावाले असतात, त्यांच्याजवळ डबे असतात."

"डबा जवळ असून नुसता बघत उभा राहतो?"

मी बशी उचलली.

खरं सांगायचं तर माझ्यात बोलायचं त्राण नसायचं. पहाटे उठून जप, मग त्यांची चादर, धुणं, त्यांना उचलून खुर्चीत बसवणं. चार वाजेपर्यंत पाठ भरून यायची. त्यात माझं व्रत. दिवस मावळल्यावर एकदाच जेवायचं, तोवर फक्त पाणी. हे अपघातातून उठले तेव्हा मी देवाला बोलले होते. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तो चुकला तर ह्यांना काही होईल, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

रविवारी मी टीव्हीची पिनच काढून ठेवली. म्हटलं, ते लोक दिसलेच नाहीत तर आई खातील. उद्या काटा येणार होता.

सासूबाईंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. पाव घेतला, मोडला, आणि मोठा तुकडा घातलेली बशी माझ्या गुडघ्याशी सरकवली.

"मला नको, आई. व्रत आहे ना माझं."

"माहितीये. पहाटेपासून राबतेस, पोटात काही नाही. तसं माणूस समोर बसलं की घास उतरत नाही माझा. आमच्या त्या पहिल्या हिवाळ्यात एकानं खायचं नि दुसऱ्यानं बघायचं, असं नव्हतं. आता या वयात नवीन काय शिकू?"

"मग टीव्हीवाल्यांचं नाव का सांगत होतात?"

"तुझं कसं घेऊ? देवाच्या कामात तोंड घालू?"

दोन महिने मी त्यांच्यासमोर उपाशी बसून त्यांना खा म्हणत होते. मावळायला अजून दोन तास होते. ह्यांची बस अजून रस्त्यावर होती. मी तुकडा उचलला. पाव कोरडा होता, घशाखाली जाताना टोचला. दुसरा घास त्या मानानं सोपा गेला.

सासूबाईंनी आपला तुकडा दुधात बुडवला आणि खाल्ला. मग म्हणाल्या, "अजून आहे का?"

मी दुसरा पाव आणला. दोघींनी तोही खाल्ला.

"लाव आता. बघू त्यांचं काय झालंय."

मी पिन लावली. संध्याकाळी दारात ह्यांच्या चपला वाजेपर्यंत जपात मन लागलं नाही. देवाला मी काही सांगितलं नाही, त्यानं पाहिलंच असणार.