रंगरावांचा आत घेतलेला श्वास

मित्रांनो, औषधाच्या दुकानात काचेमागे तुम्ही मला कदाचित पाहिले असेल आणि खेळणे समजून पुढे गेला असाल. मी तीन चेंडूंचे एक जुने श्वासयंत्र आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, त्यांत तीन हलके चेंडू आणि बाजूला एक नळी, एवढेच माझे शरीर. नळी तोंडात धरून कुणी सावकाश श्वास आत ओढला की माझे चेंडू वर तरंगतात. कारखान्यातला माझा जन्म मला धुक्यातल्यासारखा आठवतो. खरा जन्म धायरीच्या एका घरात झाला, असेच मी मानतो.

हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका कंपनीत नोकरी करणाऱ्या उत्कर्षाने मला वडिलांसाठी आणले. तिचे वडील रंगराव बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. वरातींत मोठाले स्पीकर आले, बँड बंद पडला आणि रंगरावांच्या हाती बिडी तेवढी उरली. आता त्यांच्या आतड्यात गाठ होती. भूल देणारे डॉक्टर म्हणाले होते की, फुफ्फुसे अशी कमजोर असताना पोट उघडणे धोक्याचे आहे. आधी काही आठवडे तयारी हवी. बिडी बंद, रोज चालणे, नीट जेवण आणि मी.

ही तयारी करून घ्यायला हॉस्पिटलमधल्या दीपाली सिस्टर घरी येत. पहिल्याच दिवशी रंगरावांनी मला ऐटीत तोंडाला लावले आणि जोरात फुंकर मारली. माझा एकही चेंडू हलला नाही. श्वास आत ओढायचा, असे सिस्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितले, पण सवय सुटेना. शेवटी रंगरावांनी मला खिडकीत ठेवून दिले.

"सगळा जन्म फुंकण्यात गेला," ते बायकोला, शालनबाईंना म्हणाले, "आता एक चेंडू हलंना माझ्यानं."

पुढचे काही दिवस त्यांनी मला हात लावला नाही. ऑपरेशन नकोच, असे त्यांनी मुलीला सांगून टाकले. उत्कर्षा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी खिडकीतून सारे पाहत होतो.

मग दीपाली सिस्टर आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "काका, पहिला सूर लावण्याआधी काय करायचात?"

रंगरावांनी मला खिडकीतून उचलून हातात घेतले. मग म्हणाले, "छाती भरून घ्यायचो."

"तेवढंच करा. सूर लावू नका."

त्यांनी नळी तोंडात धरून डोळे मिटले. मित्रांनो, त्या श्वासात काय काय होते म्हणून सांगू! डोक्यावर धरलेल्या बत्त्यांचा उजेड, घोड्यावरचा नवरदेव, फुलांचा वास, सूर लागण्याआधीची ती शांतता. माझा पहिला चेंडू अलगद वर गेला आणि स्वप्नात असल्यासारखा तिथेच तरंगत राहिला.

त्यानंतर रोज सकाळी आमची गाठ पडू लागली. बिडी सुटली. ऑपरेशननंतर टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून पोटाशी उशी धरून खोकायचे कसे, तेही सिस्टरांनी शिकवले. दुसरा चेंडू उठू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तारीख दिली.

ऑपरेशननंतर मी त्यांच्या उशाशी होतो. दुखण्याने त्यांना श्वास घेववत नव्हता. शालनबाईंनी मला त्यांच्यासमोर धरले आणि समजावण्याऐवजी स्वतःच सावकाश श्वास घेतला. त्यांच्याकडे पाहत रंगरावांनीही घेतला. पहिला चेंडू थरथरत वर आला. फुफ्फुसांनी साथ दिली आणि रंगराव आपल्या पायांनी घरी आले.

आता मी माळ्यावर आहे. एकाचे यंत्र दुसऱ्याला देत नाहीत, म्हणून मला पुन्हा काम नाही. अंगावर धूळ बसली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी ऑपरेशनच्या भीतीने गप्प झाले असेल, तर 'घाबरू नका' म्हणून निघून जाऊ नका. त्यांच्यासोबत थोडे चाला, जवळ बसा, त्यांच्याबरोबर श्वास घ्या. माझी मात्र काळजी करू नका. या घरात श्वास घेताना आता माझी आठवण कुणाला होत नाही, आणि ते मला फार आवडते.