मधल्या धारेची

"माजं मूत काय तपासायचं, नाखवा? नवापुरात एवढं नितळ पाणी विहिरीलापण नाय!"

महादू तांडेलाने हे छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्याचे पाय सुजून केळीच्या बुंध्याएवढे झाले होते. बोटीचा मालक चंद्रभान पायांकडेच बघत होता. "रिपोर्ट आण. चांगला आला तर पुनवेला सुकाणू तुजं. नायतर जिवल्या हाय."

वीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला जिवल्यासारख्या खलाशाचं नाव म्हणजे थोबाडीतच. महादू बायकोला, हिराला घेऊन बोईसरच्या लॅबवर गेला. काउंटरवरच्या रूपलने बाटली दिली. "काका, उद्या सकाळची आणा. पहिली धार सोडायची, मधल्या धारेला बाटली भरायची. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. नंबर?"

"माज्या डबड्यात फोटो येत नाय. नाखवाचा लिवा. त्यालाच कळू दे डायरेक!"

धारा महादूला कोण शिकवणार? खाडीत काठाची ती पहिली, खोलातली ती मधली. उजाडताना त्याने होडी काढली नि वल्ह्यावर हिराला बसवलं.

"घरी मुतायला काय झालं तुमाला?"

"डाक्तरी काम हाय. तू वल्हव."

पहिली धार मागे सोडली. मधल्या धारेला महादू सुजल्या पायांवर उभा राहिला आणि लाट आली. तो वाचला, पण अर्धी बाटली खाडीने भरली. झाकण लावून त्याने तीच नेऊन दिली.

थोड्या वेळाने रूपल बाहेर आली. "काका, यात कोळंबीचं पिल्लू पोहतंय."

सगळं ऐकून तिचं हसू थांबेना. मग लॅबच्याच संडासात दुसऱ्यांदा बाटली भरून घेतली. तिच्यातला फेस काही केल्या बसेना, तेव्हा रूपलचं हसू थांबलं.

"मूत्रपिंडं गळतायत," आतले डॉक्टर ललित म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना दाखवा. समुद्र आता बंद."

कागदाची घडी खिशात कोंबून महादूने रिक्षात हिराला पढवलं, "नाखवाला मशीन बंद व्हतं म्हणायचं."

"आणि पाय?"

"मशीन बंद व्हतं."

बंदरावर जिवल्या सुकाणूला तेल लावत होता. चंद्रभान फोनमधून मान वर काढेना.

लॅबमधून फोनवर आलेला रिपोर्ट त्याला आपल्या डॉक्टर भाच्याला पाठवायचा होता. तो चुकून मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली एक्केचाळीस अंगठे आले.