भुजंगरावांच्या घराची तुळई

निळाटाकळीत जळक्या घराचं लाकूड कोणी पुन्हा घरात नेत नाही. नव्या घराला तर ते लावत नाहीतच, पण चुलीतही घालत नाहीत. होळीला पोरं गोवऱ्या चोरतील, कुंपणाच्या काट्या ओढून नेतील, या लाकडाला मात्र हात लावणार नाहीत. जळालेलं सगळं गावाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी नेऊन टाकलं होतं, चावडीमागच्या पडक्या बुरुजाखाली. माणसांच्या वस्त्या ज्या गावाने इतक्या काटेकोरपणे वेगळ्या राखल्या, त्या गावाला जळकी लाकडं वेगळी करायची बुद्धी कधी झाली नव्हती.

आश्रुबांचा सगळा भरवसा या रिवाजावर होता.

"तितंच असंल तुळई," सोनपेठच्या गाडीत खिडकीशी बसल्या बसल्या ते पुन्हा म्हणाले. "जळकं लाकूड कोन नेतंय? आन्‌ सागवान हाय ते. धा वर्सांत काय व्हतंय सागवानाला?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, सत्यशीलाने, मान हलवली. ती परभणीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत असे, आणि पुरावा टिकतो कशामुळे या विषयावर तिचं वाचन पुष्कळ होतं. पुरावे बहुधा निष्काळजीपणामुळे टिकतात, काळजी घेतली की नष्ट होतात, असं ती वर्गात सांगे. मुलं ते वाक्य उतरवून घेत.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मुंबईत झाला आणि त्याची शिक्षा निळाटाकळीच्या वस्तीला मिळाली. माणसं नदीकडच्या बाभळबनात पळाली म्हणून वाचली. आश्रुबा रेल्वेत गँगमन होते. परळीच्या बाजारातून बैलगाडीत घालून त्यांनी एक सागवानी तुळई आणली होती आणि दारावर बसवली होती. वस्तीत विजेचा पहिला दिवा त्यांच्या घरात लागला होता, कारण पोरगी वाचत होती. तार त्या तुळईवरून आत आली होती. गावाला ठरावाचा राग किती होता आणि त्या दिव्याचा किती, हा प्रश्न तिने अनेकदा मनाशी मांडला होता. उत्तर लिहून काढायला ती अजून बसली नव्हती.

आगीनंतर ती औरंगाबादेहून धावत आली, तेव्हा आश्रुबा तुळईला दोरी बांधत होते. एका अंगाने कोळसा झालेली, पण अभंग. ती म्हणाली होती, "जळकं लाकूड घेऊन कुठं जायचं, आबा? कोण घरात घेईल?" आश्रुबांनी दोरी सोडली होती. ज्या गावाने घर जाळलं, त्याच गावाचा रिवाज एम.ए.च्या वर्गात बसणाऱ्या मुलीने बापाला ऐकवला होता. पुढे परभणीत दोन खोल्या बांधताना दारावर तुळईऐवजी सिमेंटची पट्टी बसली, त्या दिवशी आश्रुबा जेवले नाहीत. बोलले मात्र कधीच नाहीत. बोलले असते तर तिला वाद घालता आला असता.

आज जायला निमित्त चांगलं होतं. हैदराबाद मुक्त झाल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून गावाने एक स्मृतिदालन उभारलं होतं. समितीचे सचिव दिनकरराव स्वतः महाविद्यालयात आले होते. दालनाला सरकारी मान्यता हवी होती आणि त्यासाठी इतिहासाच्या प्राध्यापकाचा अभिप्राय. "तुमी तर गावच्याच," ते मोकळेपणी हसून म्हणाले होते. गावच्या असण्याचा हा शोध त्यांना दहा वर्षं उशिरा लागला होता. पण आश्रुबांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून तिने होकार दिला. अभिप्राय लिहायचा, आणि येताना तुळई आणायची. दिनकररावांचा टेंपो परभणीला रोज येतच असे.

गाडीतून उतरून बापलेक आधी चावडीमागे गेले. बुरुजाखाली गवत माजलं होतं आणि गवतात एक शेळी चरत होती. लाकूड एकही नव्हतं.

"ते व्हय?" शेळीमागच्या बानूबाईने सांगितलं. "मारुतीम्होरं जुन्या शाळंची खोली नवी केलीय न्हाई का, तितं नेलं त्यातलं बरं बरं. उरलेलं नदीत सोडलं." मग आश्रुबांकडे निरखून पाहत म्हणाली, "आश्रुबा न्हवं का तू? लय वाळलास की."

"मी व्हतोच वाळका," आश्रुबा म्हणाले. पण त्यांचे पाय आधीच मारुतीकडे वळले होते.

दालन म्हणजे जुन्या शाळेची एक खोली, चुन्याने पांढरीशुभ्र केलेली. दाराशी खुर्चीवर व्यंकटराव बसले होते. समितीचे अध्यक्ष, सत्तरीला टेकलेले, डोक्यावर कडक इस्तरीची टोपी. त्यांचा थोरला भाऊ भुजंग अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या हातून मारला गेला आणि त्याचं घर पेटवलं गेलं, हे तालुक्याला ठाऊक होतं. येईल त्याला ते ती हकीकत सांगत, आणि दर वेळी एकाच ठिकाणी त्यांचा आवाज अडके. तो आवाज खोटा नव्हता. सत्यशीलाने इतके खोटे आवाज ऐकले होते की खरा तिला लगेच कळे.

आत भिंतीवर भुजंगचा फोटो होता. काचेखाली बंदुकीची गंजकी नळी, निजामाच्या वेळचे हाली शिक्के, एक विटलेला तिरंगा. सप्टेंबरपर्यंतचं सगळं होतं. नंतरच्या आठवड्यांत, रझाकार पळून गेल्यावर, गावाच्या मुसलमान आळीत कोण राहिलं आणि कोण राहिलं नाही, याबद्दल एकही पाटी नव्हती. दालनाचं कॅलेंडर सोयीच्या दिवशी संपत होतं.

आणि मधोमध, दोन घडीव दगडांवर, झेंडूचा हार घातलेली तुळई होती. खालच्या पाटीवर सुबक अक्षर: 'हुतात्मा भुजंगराव यांच्या घराची तुळई. रझाकारांनी जाळली, सन १९४८.'

विद्यापीठाचं नामांतर दहा वर्षं अडून पडलं होतं. तुळईचं मात्र कोणी ठराव न करता, कोणाचं घर न जाळता, सुखासमाधानात पार पडलं होतं.

आश्रुबा जवळ गेले. त्यांनी तुळईला हात लावला नाही, फक्त वाकून तिच्यात चौकटीसाठी कोरलेल्या खाचेकडे पाहिलं.

"आपली हाय," ते हळूच म्हणाले. "शीला, आपलीच हाय ही."

सत्यशीलाला खाच ओळखता आली नसती. पण उजव्या टोकाशी काजळीत मुठीएवढा एक फुगवटा होता, लाकडासारखाच काळा, आणि तो काय आहे हे तिला आठवलं. तिने पदराच्या टोकाने तो घासला. काजळी निघाली आणि खालून पांढरीशुभ्र चिनीमाती चमकली.

"हे काय हाय म्याडम?" मागून दिनकरराव आले.

"विजेच्या तारेचा गट्टू," ती म्हणाली. "गावात वीज कधी आली, दिनकरराव?"

"एकाहत्तरला. आमच्याच पॅनेलनं आणली."

"म्हणजे भुजंगरावांच्या घरात त्याआधी तेवीस वर्षं होती. निजाम सरकार आपल्याला वाटतं त्याहून बरंच पुढारलेलं होतं म्हणायचं. शासनाला हे कळवायला हवं."

दिनकरराव हसले नाहीत. व्यंकटराव खुर्चीतून उठून आत आले होते. त्यांनी पांढरा गट्टू पाहिला, मग आश्रुबांकडे पाहिलं, आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. सत्यशीलाने ते दिसण्याची दहा वर्षं वाट पाहिली होती. त्यात अपेक्षेइतकं समाधान निघालं नाही.

"ही तुळई आमच्या दाराची आहे," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर साली जळाली. कोणी जाळली त्यांची नावं मी सांगत नाही, तुम्हाला ती पाठ आहेत. एक तर पाटी बदला, नाहीतर तुळई आम्हाला द्या. दोन्हींपैकी काही झालं नाही तर मी जे पाहिलं तेच अभिप्रायात लिहीन."

"आदी चहा घेऊ," दिनकरराव म्हणाले. "बसून बोलू. आपलीच मानसं आहोत."

बाहेर ओट्यावर चहा आला. तिघांना कपबशीत, आश्रुबांना स्टीलच्या पेल्यात. कप कमी पडले असतील असं समजायला सत्यशीला तयार होती, पण पेला रिकामा होताच आश्रुबांनी तो सवयीने ओट्याखालच्या बादलीत विसळून पालथा ठेवला, आणि मग समजायचं काही राहिलं नाही. दिनकररावांनी चहा अर्धाच घेतला. "टेंपोचं बगतो," म्हणून ते उठले.

"मालक," आश्रुबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआपच निघाला. "तुळई नेऊ द्या मला. पाटीबिटीचं पोरीला कळतंय, मला न्हाई. मला दाराला लावायची."

"जळकं लाकूड?"

"लावनार."

व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली. "त्या साली मी हितंच ओट्यावर व्हतो, आश्रुबा."

"ठावं हाय. बगितलं मी तुमाला."

"खाली उतरलो असतो तर..."

"उतरला न्हाईत."

"न्हाई." व्यंकटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भुजंगाचं माझ्यापाशी काय बी न्हाई रे. तो फोटो बी वऱ्हाडाच्या फोटोतून मोठा करून घेतलेला, निम्मा खांदा दुसऱ्याचाच हाय. तुळई सापडली तवा मी रडलो. पोरं म्हनली, हीच. मला बी वाटलं, हीच."

"माझं बी तेवढंच हाय, मालक. घराचं."

सत्यशीला ऐकत होती. असं संभाषण तिने कधी वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तर लेखकावर विश्वास ठेवला नसता. आता व्यंकटराव 'ने' म्हणतील, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

आतून ठक्क असा आवाज आला. एकदाच.

ती उठून आत गेली, मागोमाग दोघे म्हातारे. दिनकरराव तुळईपाशी उभे होते, हातात हातोडी. मागच्या दाराबाहेर उकिरड्यावर चिनीमातीचे तुकडे पडले होते.

"आता बगा," ते म्हणाले. "चूक व्हती, दुरुस्त केली. तुमीच दाखवली म्हनून बरं. आमाला कदी दिसली असती?"

"मी लिहीन," सत्यशीला म्हणाली. स्वतःचा आवाज तिला वर्गातल्यासारखा वाटला.

"लिवा की. कोनी इचारलं गट्टू कुठाय, तर काय दाखवाल?" दिनकरराव हे शांतपणे, जवळजवळ आदराने म्हणाले. पुराव्यावाचून इतिहास नाही, हे तिचंच शास्त्र त्यांनी तिच्यापेक्षा लवकर वापरलं होतं.

पण गट्टूखालचं लाकूड जळालं नव्हतं. काळ्या तुळईवर तेवढीच वाटोळी जागा स्वच्छ राहिली होती, कापल्यासारखी, सागाच्या मूळ रंगाची. सत्यशीला व्यंकटरावांकडे वळली.

"तुम्ही पाहिलंत. गट्टूही पाहिलात आणि ही जागाही. तुम्ही सांगा."

व्यंकटराव पुढे झाले. त्यांनी त्या वाटोळ्या जागेवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग त्यांनी झेंडूचा हार उचलला, उजवीकडे सरकवला आणि नीट बसवला. जागा झाकली गेली.

"भुजंगाची हाय ती," ते म्हणाले. या वेळी आवाज नेहमीच्या ठिकाणी अडकला नाही.

"बरं," आश्रुबा म्हणाले. "चल माय."

उकिरड्यावरचे तुकडे वेचावेत असं सत्यशीलाच्या मनात आलं. तिने ते वेचले नाहीत. तुळईवाचून ते तुकडे म्हणजे नुसती फुटकी चिनीमाती होती, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

गाडीला वेळ होता. थांब्याजवळच्या हापशापाशी बापलेक उभे राहिले.

"तू बोलली नसतीस तर ऱ्हायला असता गट्टू तितंच," आश्रुबा म्हणाले. दोष देत असल्यासारखं नाही, दिवस ढळला म्हणावं तसं. "कुनाला दिसला नसता. पन ऱ्हायला असता."

दहा वर्षांपूर्वी गप्प राहायचं होतं तेव्हा ती बोलली होती, आज पुन्हा तेच. मधल्या काळात जी पुस्तकं वाचली, ती या दोन चुकांच्या मध्ये एखाद्या भिंतीसारखी उभी होती, आणि त्या भिंतीचा कोणाला आडोसा झाला नव्हता.

आश्रुबांचं लक्ष तिच्या पदराकडे गेलं. टोकाला गट्टूची काजळी लागली होती.

"धू ते," ते म्हणाले.

"राहू द्या, आबा."

"धू म्हनतो ना. जळक्या घराचं घरात नेत न्हाईत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर होते. हे वाक्य ते तिचं तिला परत देत आहेत की गावाचं गावाला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यांनी हापशाचा दांडा धरला आणि खालीवर करायला सुरुवात केली. आधी नुसता हवेचा घरघराट आला, मग पाणी.

तिने पदर पाण्याखाली धरला. काजळी सहज सुटली, काळं पाणी सिमेंटच्या नालीतून मारुतीकडे वाहत गेलं. पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरही आश्रुबा हापसत राहिले. गाडीचा आवाज आला तेव्हा ते थांबले.