शेफर्डच्या मुठीतली लोकर

मित्रांनो, मी एक जुने आडनाव आहे, शेफर्ड. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या बोडक्या टेकड्यांवर माझा जन्म झाला. गावात विल्यम चौघे होते. त्यांतल्या मेंढ्या राखणाऱ्याला लोक विल्यम शेफर्ड, म्हणजे मेंढपाळ विल्यम, म्हणू लागले. तो गेला आणि मी त्याच्या लेकाला बिलगलो.

मेंढरांना रविवार कळत नाही. माझी माणसे चर्चमध्ये क्वचितच दिसत. मेल्यावर देवाने जाब विचारला तर? म्हणून आमच्यात रीत होती : मेंढपाळाला पुरताना त्याच्या मुठीत लोकरीचा पुंजका द्यायचा. देव मूठ उघडून पाहील, हा मेंढपाळ हे ओळखेल आणि काही न विचारता आत घेईल. अशा किती मुठींबरोबर मी मातीत गेलो! वारा सुटला की त्या अजून माझ्यात हलतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेकड्या गव्हासाठी नांगरल्या गेल्या, मेंढ्या विकल्या गेल्या. म्हातारा रूबेन हा माझा शेवटचा माणूस. तो अंथरुणाला खिळला, तेव्हा उशाशी लेक विनी होती. लग्न होऊन दुसऱ्या नावात गेलेली.

"पोरी, लोकर आणलीस का?"

"कुठून आणू, बाबा? वर नुसता गहू डोलतोय. माझ्या स्वेटरची चालेल?"

"निळी? देव म्हणेल, अरे थेरड्या, निळी मेंढी मी कधी घडवली?"

विनी हसली आणि तोंड फिरवून रडली. मग उठून टेकडी चढली.

आटलेल्या तळ्याकाठी एक काटेरी झुडूप नांगरातून वाचले होते. मागे मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली. विनी वळली. कोणी नव्हते. वारा पडलेला, तरी काट्यावर एक करडा पुंजका हलत होता.

रूबेनने तो हुंगला. "ही आपली लंगडी मेंढी! दर खेपेला त्याच काट्यात अडकायची, भवानी." त्याने मूठ मिटली, ती मिटलीच.

आता मी त्याच्या थडग्याच्या दगडावर आहे. विनी येते, माझ्यावरचे शेवाळ नखाने काढते. "बाबा, निघू का?" म्हणते, तेव्हा टेकडीवरून घंटा वाजते. वर मेंढी एकही नाही.

मित्रांनो, तुमच्या आडनावामागेही कोणीतरी मूठ मिटून उभे आहे. ते आडनाव पुसले जाण्याआधी एकदा मागे वळा. मुठीत काय आहे, ते विचारा.