तीन बादल्या जास्तीच्या

आमच्या टेकडीवरची गाडी पाण्यावर चालायची, हे नातवंडांना सांगितलं तर फिदीफिदी हसतात. हसा मेल्यांनो! एका दोराला दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत मी ओढ्याचं पाणी भरायची, तो जड होऊन उतरायचा आणि खालच्याला वर ओढायचा. खाली पोचला की पाणी सोडून द्यायचं.

माझ्याआधी तिथे माझे बाबा होते, बेल्मिरो. खालची घंटा ऐकून कोण बसलंय ते ओळखायचे आणि तेवढ्याच बादल्या ओतायचे. हट्ट एकच, डबा ब्रेक न लावता आपसूक थांबला पाहिजे. म्हणायचे, "टेकडी घेतलेलं सगळं परत देते, लुदोविना. ब्रेक मेला नुसता खातो आणि तापतो." मला मात्र त्यांनी कधी शाब्बास म्हटलं नाही.

निवृत्त होऊन ते पोर्तोला दादाकडे गेले. फोनवर कधीही विचारा, म्हणायचे, "बैलासारखा जेवतोय!" गाडीला मोटर बसायच्या आदल्या दिवशी ते शेवटच्या फेरीला आले. आठ महिन्यांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. आज तरी शाब्बास ऐकायचंच, असं मी ठरवलं होतं.

खालून त्यांची घंटा आली, दोन लांब, एक तोकडी. डब्यासोबत वरखाली करणाऱ्या ब्रेकवाल्या झेफेरिनोच्या नेहमीच्या बादल्या ओतल्या, शिवाय बाबांच्या आठ.

डबा सुसाट वर आला. झेफेरिनोने ब्रेक आवळला, जळका वास सुटला.

"काय गं, डोळे मिटून ओतलंस का?" बाबा आतूनच ओरडले.

"आठच बादल्या, बाबा. तुमच्याच."

उतरले तेव्हा कोट अंगावर नुसता टांगलेला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, बैलाने चारा सोडलाय."

मी तिथेच रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग म्हणाले, "पुरे. खालचे लोक ताटकळलेत."

उतरणाऱ्या माणसाचं वजनही पाण्यासारखंच कामी येतं. बाबा बसले की आठ बादल्या कमी ओतायच्या, हा हिशेब. मी पाचच कमी केल्या. तीन जास्तीच्या त्यांच्या सीटखालच्या टाकीत ओतल्या. त्यांनी मोजल्या.

डबा अलगद गेला. थोड्या वेळाने घंटा आली, दोन लांब, एक तोकडी.

झेफेरिनोने नंतर सांगितलं, ब्रेकला हातसुद्धा लावावा लागला नाही, आणि उतरताना म्हातारा पुटपुटला, "शाब्बास."

माझ्या तोंडावर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं बाबांचं!