कल्हई उडालेला हंडा

मी हंडा बोलतोय. अस्सल तांब्याचा. दोन्ही कड्यांतून दांडा घालून चौघांनी उचलावा, एवढं माझं अंग. बल्गेरियातल्या एका डोंगरगावात, चर्चसमोरच्या चौकात, मला सध्या चौथऱ्यावर बसवलंय. खाली पाटी आहे, ‘आमचा वारसा’. बाहेरून मला चकचकीत पुसतात. आत कोणी डोकावत नाही.

एके काळी माझा थाट वेगळा होता. मेच्या सुरुवातीला संत गेओर्गीचा सण आला की पहाटेपासून माझ्यात मेंढीचं कालवण रटरटायचं. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणायचे आणि घरटी एक भांडं भरून जायचं. डाव त्सोनाकाकूच्या हातात. तिचा नवरा कोसळलेल्या खाणीतून जिवंत बाहेर आला, तेव्हा तिने नवस केला होता: हात चालताहेत तोवर या सणाचा हंडा मीच चढवीन.

पण त्सोनाकाकूच्याही आधी यायचा तो याशार. कल्हईवाला. आठवडाभर आधी त्याची घोडागाडी नदीकाठी लागायची, तंबू पडायचे. चौकात भाता फुसफुसू लागला की मला कोण आनंद व्हायचा! आधी माझ्या पोटात रेती टाकायची, त्यावर फडकं, आणि त्यावर अनवाणी उभं राहून डावीउजवीकडे गिरक्या घ्यायच्या. याशारचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून तो गावातली पोरं आत उभी करायचा. सगळ्यांत हौशी वेल्को. त्याच्या तळव्यांच्या गुदगुल्या मी अजून विसरलेलो नाही. मग विस्तव, नवसागराचा पांढरा धूर, कथील, आणि कापसाचा एकच सफाईदार हात. माझं पोट चांदीसारखं व्हायचं. वेल्को त्यात वाकून स्वतःलाच वेडावून दाखवायचा.

पुढे गाव ओसरत गेलं. कोणी जर्मनीला, कोणी स्पेनला. शाळा बंद, दूध डेअरी बंद, आणि वेल्को जी बस चालवायचा तीही बंद. रिकाम्या डेअरीत त्याने पक्ष काढला. सभासद सहा, झेंड्यावर गुरगुरणारं अस्वल. “गाव पुन्हा पहिल्यासारखं करणार,” हे त्याचं एकच भाषण. सभेला मला न्यायचे, घेवड्याची आमटी शिजवायला. लोक आमटी ओरपायचे, टाळ्या वाजवायचे आणि मत दुसऱ्यालाच द्यायचे. त्सोनाकाकू म्हणायची, “बरं आहे, याच्याकडे निदान आमटी तरी खरी मिळते. बाकीच्यांकडे बोलाचीच कढी.”

एका निवडणुकीत मात्र पक्षाची एक जागा आली, आणि महापौरांचं नेमकं एकाच मतावाचून अडलं होतं. मताच्या बदल्यात वेल्कोने एकच मागितलं: नदीकाठचे तंबू उठवा. गावातली पोरं परदेशी गेली, ती त्याला आणता येईनात. निदान उपऱ्यांना हाकलल्याचं तरी दाखवता आलं.

जाताना याशार गाडी घेऊन चौकात आला. वेल्को तिथेच उभा होता.

“हंड्याची कल्हई पातळ झालीय,” याशार म्हणाला. “पुढच्या सणाला टिकायची नाही.”

“ते आम्ही बघू.”

“बघ बाबा.”

माझ्या कडेवर त्याने हात ठेवला, काढला आणि लगाम ओढला. मी तांब्याचा आहे, पण त्या दिवशी मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

पुढच्या सणाला त्सोनाकाकूने मला कलतं केलं आणि डाव खाली ठेवला. आत सगळं लाल.

“चढवा की काकू,” वेल्को म्हणाला. “जिल्ह्याचे पाहुणे येतायत.”

“कालवण कळकेल. गावाला विष घालू?”

“एका वर्षाने काय होतंय?”

“मग पहिली वाटी तू पी.”

“बरं, मी ॲल्युमिनियमचं नवं पातेलं आणतो.”

“नवस हंड्याचा आहे, पातेल्याचा नाही.” तिने हात पुसले. “वेल्क्या, तुला गाव पहिल्यासारखं हवं होतं ना? मग पहिल्या गावात याशार नव्हता काय?”

त्या वर्षी मी चढलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग पक्षाने मला चौथऱ्यावर बसवलं आणि शेजारी झेंड्याचा खांब रोवला. पुढच्या निवडणुकीत ती जागाही गेली. अस्वल तेवढं वर गुरगुरत राहिलं.

परवा भर दुपारी वेल्को एकटाच आला. हातात नदीच्या रेतीची बादली. आता तो साठीचा, पोट सुटलेला. त्याने बूट काढले, मोजे काढले, आणि धापा टाकत माझ्यात उतरला. तोल सांभाळायला पक्षाचा खांब धरला आणि गिरक्या घेऊ लागला. वर अस्वल गदागदा हलत होतं. तळवे राठ झाले होते, पण मी ते लगेच ओळखले.

बाकावर त्सोनाकाकू शेंगा सोलत होती.

“काकू, बघा. लख्ख,” तो शेवटी म्हणाला.

“लख्ख झालं. म्हणजे तांबं आणखी उघडं पडलं. आता पुढचं कोण करणार?”

तो माझ्या काठावर बसला. पाय आतच. “कुठे असेल तो?”

“हाकलताना विचारायचं होतंस.”

“मी सगळ्यांना परत आणायला निघालो होतो, काकू,” वेल्को म्हणाला. “एकही आला नाही.”

काकूने ओंजळभर शेंगा त्याच्यापुढे ठेवल्या. दोघं सोलत बसले.

तेव्हा बाबांनो, तुमच्या वाटेवर कुठे भाता लावून बसलेला याशार भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. सण जवळ आलाय. त्सोनाकाकूचा हात आता थरथरतो, डाव फार दिवस पेलणार नाही. सरपण आहे, विस्तव गावकरी पेटवतील. रेतीने घासायचं कामसुद्धा झालंय, म्हणावं, आणि ते कोणी केलं तेही सांगा. आता फक्त तू यायचा बाकी आहेस.